ऑड्री लॉर्डची नुसती वाक्यं फिरवू नका, ‘द कॅन्सर जर्नल्स’ वाचा

गप्प राहिल्यानं कुणाचं रक्षण होत नाही, हे ऑड्री लॉर्डचं म्हणणं सोशल मीडियावर रंगीत चौकटीत सतत फिरत असतं. डिसेंबर १९७७मध्ये शिकागोतल्या भाषणात ती ते बोलली, त्याच्या थोडंच आधी तिच्या स्तनातली गाठ काढली होती. कॅन्सरची शक्यता ६० ते ८० टक्के, आणि ऑपरेशनपर्यंत तीन आठवडे वाट पाहणं. गाठ साधी निघाली. पण त्या तीन आठवड्यांत तिला सगळ्यात जास्त खंत वाटली ती न बोललेल्या गोष्टींची. चौकटीत यातलं काहीच उरत नाही.

न्यूयॉर्कची ही कवयित्री स्वतःची ओळख काळी, लेस्बियन, आई, योद्धा, कवी अशी सगळी एका दमात सांगायची. १९७८मध्ये तिला कॅन्सर झालाच, उजवा स्तन काढावा लागला. १९८०चं हे छोटंसं पुस्तक त्यातून आलं, आणि माझ्या मते तिचं सगळ्यात धारदार गद्य हेच.

हॉस्पिटलात एक प्रेमळ स्वयंसेविका मऊ ब्रा आणि स्तनाच्या आकाराची लोकरीची गादी घेऊन येते. गादी फिकट गुलाबी. लॉर्डच्या काळ्या अंगावर ती परकी दिसते, वाकडी, निर्जीव बसते. आधीसारखंच दिसता येईल, एवढाच बाईंचा दिलासा. स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या लॉर्डचे प्रश्न वेगळेच असतात.

दहा दिवसांनी टाके काढायला ती गादी न लावताच, पण नटून जाते. एकाच कानात, उजव्या, लोंबता पक्षी. तिथली नर्स म्हणते, इथे येताना तरी काहीतरी घालत जा, नाहीतर इतरांचा धीर खचतो.

लॉर्डचा मुद्दा इथून सुरू होतो. कवळी चावायला, नकली पाय चालायला. ही गादी मात्र फक्त बघणाऱ्यांसाठी. सगळ्याच जणी लपवत राहिल्या तर एकमेकींना ओळखणार कशा? गुरांच्या खाद्यातल्या कॅन्सरकारक हार्मोन्सवर बंदी मागायला एकस्तनी बायकांची फौज अमेरिकी काँग्रेसवर चालून गेली तर, असं ती विचारते. विचार करून गादी निवडणारीला ती दोष देत नाही. बाईला स्वतःच्या नव्या शरीराकडे नीट बघू द्यायच्या आत, रडू द्यायच्या आत ती हातात ठेवली जाते, यावर तिचा राग आहे.

वाचायला घ्याल तेव्हा प्रस्तावनेतल्या डायरीच्या नोंदी गाळू नका. निबंधांत इतकी ठाम असलेली बाई तिथे तारखेनिशी घाबरलेली आणि थकलेली भेटते.