मे. मी स्वतः

चालू खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलायचा होता. एवढंच काम. कर्ज नको, ओव्हरड्राफ्ट नको, कॅलेंडरसुद्धा नको. अर्ज भरला, सही केली, खाली 'प्रोप्रायटर' असा शिक्का मारला आणि काउंटरवरच्या मॅडमपुढे सरकवला. मॅडमनी कागद उलटापालटा करून पाहिला.

"ऑथॉरिटी लेटर कुठाय?"

"कसलं?"

"फर्मने तुम्हाला अधिकार दिल्याचं."

"मॅडम, फर्म माझीच आहे. एकट्याची."

"ते दिसतंय. पण अर्ज तुम्ही केलाय ना. फर्मचं पत्र लागेल."

"फर्मचं पत्र कोण लिहिणार?"

"प्रोप्रायटर."

"तो मीच."

"मग प्रश्नच नाही. लिहून आणा."

खरं तर वाद इथेच संपायला हवा होता. पण मागच्या बाकावर एक काका बसले होते. पासबुक छापायचं मशीन बंद होतं आणि ते दुपारनंतर सुरू होईल असं त्यांना सांगितलेलं होतं. म्हणजे काकांकडे दुपारपर्यंतचा वेळ होता.

"बरोबर आहे मॅडमचं," काका म्हणाले.

"काय बरोबर आहे?"

"उद्या तुम्ही पैसे घेऊन पळालात, तर फर्मने कुणाला धरायचं?"

"काका, पैसे माझेच आहेत."

"तुमचे कसे? खातं कुणाच्या नावावर आहे?"

"फर्मच्या."

"मग?" काकांनी मॅडमकडे विजयी नजरेने पाहिलं. मॅडमनी मान डोलावली. आता समोर दोघं होती आणि या बाजूला मी, किंवा मॅडमच्या हिशेबाने मी आणि फर्म.

"काका, फर्म म्हणजे मीच. फर्मने कर्ज बुडवलं तर माझं घर जाईल."

"मग तर पत्र हवंच!" काका उठून जवळ आले. "तुमच्याच भल्याचं सांगतो. उद्या फर्म म्हणाली, यांना आम्ही अधिकारच दिला नव्हता, तर तुमच्या हातात काय कागद आहे?"

"फर्म असं कशी म्हणेल?"

"लोक काहीही म्हणतात हो. सख्खे भाऊ बांधावरून कोर्टात जातात, एकमेकांना ओळख दाखवत नाहीत."

"इथे माणूसच एक आहे."

"एकट्याचा वाद लवकर मिटत नाही. समजूत काढायला मध्ये कुणी नसतं." हे काका इतक्या कळवळ्याने बोलले की क्षणभर मलाही फर्मबद्दल शंका यायला लागली.

तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "बोर्ड रिझोल्यूशन असेल तरी चालेल."

"बोर्ड असेलच की दुकानावर," काका म्हणाले. "त्याचा फोटो काढून आणा."

मी जीएसटीचं सर्टिफिकेट पुढे केलं. त्या १५ अंकी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की हा करदाता कोण आहे: कंपनीला सी, भागीदारी फर्मला एफ, हिंदू अविभक्त कुटुंबाला एच आणि हाडामांसाच्या माणसाला पी. म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर पी दिसलं, की तो धंदा आणि तो माणूस एकच. मी त्या पी वर बोट ठेवलं.

काकांनी चष्मा पुसून पाहिलं. "पी म्हणजे प्रायव्हेट. प्रायव्हेट कंपनी आहे मॅडम यांची. लपवतायत."

शेवटी लेटरहेड मागवलं आणि पत्र लिहायला बसलो. 'मी, मे. अमुक ट्रेडर्सचा एकमेव मालक, याद्वारे मला स्वतःला असा अधिकार देतो की...' काका खांद्यावरून वाचत होते. "'सदर इसमास मी व्यक्तिशः ओळखतो' हे घाला," म्हणाले. "ओळखता ना?"

घातलं. पत्र घेतलं गेलं. नंबर मात्र बदलला नाही, कारण शिक्क्यावर 'अँड' होतं आणि खात्यावर '&'.

ज्यांना उद्या याच काउंटरवर उभं राहायचं आहे त्यांच्यासाठी: शिक्का करायला टाकण्याआधी खात्याचं नाव पासबुकावरून अक्षर-अक्षर उतरवून घ्या. जीएसटी सर्टिफिकेटवर दोन नावं असतात. 'लीगल नेम' म्हणजे तुम्ही, 'ट्रेड नेम' म्हणजे धंदा. बँकेला ट्रेड नेम हवं असतं आणि ते उद्यमच्या (लघुउद्योग नोंदणीच्या) सर्टिफिकेटवर, शॉप ॲक्टच्या कागदावर आणि खात्यावर सारखंच लागतं. प्रोप्रायटरचं चालू खातं उघडताना धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागतात तेव्हाच हे जुळवून घ्यावं. एकावर 'ट्रेडर्स' आणि दुसऱ्यावर 'ट्रेडिंग' असेल तर दर कामाला एक प्रतिज्ञापत्र. सही शिक्क्याच्या ओळीच्या वर करायची, शिक्क्यावर नाही. स्कॅन केल्यावर निळ्यावर निळं काही दिसत नाही आणि 'सही जुळत नाही' म्हणून कागद परत येतो. अधिकारपत्राच्या पाच-सहा प्रती, तारीख मोकळी सोडून, ड्रॉवरमध्ये ठेवाव्यात. स्वतःला अधिकार द्यायची वेळ कधी येईल सांगता येत नाही.

आता राग कशाचा, ते सांगतो. नियम असेल तर असू दे, पत्र लिहायला काही कष्ट पडत नाहीत. पण ही जी मालक आणि फर्म यांची फारकत आहे, ती फक्त सहीच्या वेळी आठवते. सहीला आम्ही दोघं, वसुलीला मी एकटा. कायद्यात प्रोप्रायटरशिपला वेगळं अस्तित्व नाहीच. तिच्या नावे कर्ज म्हणजे माझं कर्ज, तिच्यावरचा दावा म्हणजे माझ्यावरचा दावा, तिची देणी माझ्या घरापर्यंत, बायकोच्या नावावर नसलेल्या प्रत्येक वस्तूपर्यंत पोचतात. तेव्हा कुणी म्हणत नाही, 'थांबा, हे फर्मचं आहे, आधी फर्मचं पत्र आणा.'

चेकचंच घ्या. फर्मचा चेक वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली आरोपी मी. समोरच्याला चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने नोटीस पाठवायची, नोटीस हातात पडल्यापासून १५ दिवसांत मी पैसे द्यायचे, नाही दिले तर पुढच्या महिनाभरात तो तक्रार करू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. कैदेत फर्म जात नाही. शिक्का घेऊन मीच जातो.

यावर शहाणी माणसं सांगतात, कंपनी काढा. लंडनमध्ये ॲरन सॉलोमन नावाचा बूट बनवणारा होता, त्याने नेमकं हेच केलं. आपला चालता धंदा कंपनीला विकला. कायद्याला सात सभासद लागत, म्हणून तो, बायको आणि पाच मुलं. २०,००७ शेअर्सपैकी २०,००१ त्याचे, बाकी सहा जणांना एकेक. शिवाय कंपनीकडून १०,००० पौंडांचे डिबेंचर (कर्जरोखे) घेतले, म्हणजे आपल्याच कंपनीचा तो सावकारही झाला. कंपनी बुडाली, कंपनीकडून पैसे येणं असलेले लोक त्याच्या मागे लागले, खालच्या कोर्टांनी त्यालाच जबाबदार धरलं. १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला: कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा. जगभरच्या कंपनी कायद्याचा हा पाया आहे.

पण सॉलोमनला आपल्याकडच्या कर्ज विभागात बसवलं नव्हतं. इथे प्रायव्हेट लिमिटेड काढा, नाहीतर २०१३ च्या कायद्याने आलेली एकट्याची कंपनी काढा (एकट्याची असूनही तिला नॉमिनी लागतो, काका खूश होतील). कर्जाच्या फाइलीत शेवटचा कागद संचालकाच्या वैयक्तिक हमीचाच असतो. करार कायदा १८७२, कलम १२८: करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. आणि मे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कंपनीला दिवाळखोरीतून बाहेर काढायचा आराखडा मंजूर झाला तरी हमीदार आपोआप सुटत नाही. कंपनी वाचते, हमीदार राहतो.

मेल्यावर तरी सुटका? जीएसटी कायद्याच्या कलम ९३ मध्ये त्याचीही सोय आहे. वारसाने धंदा चालू ठेवला तर थकलेला कर त्याने भरायचा. बंद केला तर मयताच्या मालमत्तेतून, ती पुरेल तितका. म्हणून चालू खात्याला नॉमिनी लावून ठेवा. प्रोप्रायटरच्या खात्याला तो लावता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि काउंटरवरून कुणी आपण होऊन सांगतही नाही.

स्वतःच्या कर्माची जबाबदारी घ्यायला माझी ना नाही. सही माझी, शिक्का माझा, चुकलं तर भरू. पण जीएसटीत दुसऱ्याच्या कर्माचीही घ्यावी लागते आणि ते मला अजून पचलेलं नाही. एक लाखाचा माल घेतला, १८ टक्क्यांनी १८,००० कर लागला, १,१८,००० सप्लायरला मोजले. त्याने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये टाकलं नाही, तर ते माझ्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टल बनवतं त्या खरेदीच्या यादीत येत नाही आणि मला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर मोजलेल्या कराची वजावट नाही. तेच १८,००० मी पुन्हा खिशातून भरायचे. त्याने जीएसटीआर-१ भरला पण ३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न भरून सरकारला पैसे दिले नाहीत, आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंतही दिले नाहीत, तर मी घेतलेलं क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत उलटवायचं, म्हणजे सरकारला परत करायचं. बरं, मी त्याचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तरी क्रेडिट उलटवायचं, व्याजासकट. त्याने सरकारचे थकवले तरी नुकसान माझं, मी त्याचे थकवले तरी माझंच.

तेव्हा १४ तारखेला २बी तयार होतं, ते त्याच दिवशी उतरवून खरेदी रजिस्टरशी ताडून पाहावं. चार गोष्टी बघायच्या: सप्लायरचा जीएसटी क्रमांक, बिल नंबर, तारीख, कर. बिल सापडत नसेल तर बहुतेक वेळा त्याच्या ऑपरेटरने आपला जीएसटी क्रमांक न टाकता ते किरकोळ विक्रीत ढकललेलं असतं, किंवा एक अक्षर चुकवून भलत्याच कुणाला क्रेडिट दिलेलं असतं. दुरुस्ती सप्लायरच करू शकतो, आपण फक्त फोन करू शकतो. सप्लायर तिमाही रिटर्नवाला असेल आणि पहिल्या दोन महिन्यांची बिलं आयएफएफमध्ये (दर महिन्याला बिलं चढवायच्या ऐच्छिक सोयीत) टाकत नसेल, तर ती तिमाही संपल्यावरच उगवतात. माल घेण्याआधीच हे विचारून ठेवायचं. पोर्टलवर कुणाचाही जीएसटी क्रमांक टाकला की त्याने अलीकडची रिटर्न्स कधी भरली ते दिसतं. नवीन सप्लायरकडे रेट विचारण्याआधी हे बघा. दोन टक्के स्वस्त देणारा १८ टक्के बुडवू शकतो.

आणि पर्चेस ऑर्डरवर एक ओळ छापून घ्या: मालाची किंमत मुदतीत, कराची रक्कम २बी मध्ये बिल दिसल्यावर. यातही मेख आहे. सप्लायर उद्यम नोंदणीचा सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर त्याचे पैसे द्यायची मुदत लेखी करार असताना ४५ दिवस, नसताना १५ दिवस. त्यापुढे चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. ३१ दिवसांच्या महिन्यातल्या १ तारखेचं बिल पुढच्या १४ तारखेला दिसेपर्यंत ४४ दिवस होतात. म्हणजे जमतं, पण करार लेखी असेल तरच, आणि बँकेला सुट्टी नसेल तर.

ही ओळ वाचून सप्लायर दुखावतात. इतक्या वर्षांचे संबंध, विश्वास नाही का, वगैरे. विश्वास आहेच म्हणावं. बिल दिसत नाही म्हणून फोन केला की तेच सांगतात, अकाउंटंट लग्नाला गेलाय, आला की बघतो. डिसेंबरात लग्न, मेमध्ये लग्न, पितृपक्षातसुद्धा लग्न. कुणाचं, ते विचारू नये. १८,००० मात्र तो परत येईपर्यंत आपल्याच खात्यात ठेवावेत.