'पोरखेळ' म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

पायथनमधून एचटीएमएल (वेबपानांची भाषा) आणि एसव्हीजी (चित्रांची भाषा) तयार करणाऱ्या कोड-लायब्ररीच्या नव्या मांडणीवर एका वाचकाने लिहिलंय: "सगळे टॅग एकाच मॉड्यूलमध्ये होते, स्टार इम्पोर्ट केला की काम भागायचं. आता तुकडे केलेत आणि माझा चालता कोड बंद पडला. रेंडरिंग मंद वाटतंय, डॉक्युमेंटेशनचा पत्ता नाही. निव्वळ पोरखेळ."

मतभेद असू द्या, पण 'पोरखेळ' कशासाठी? नीट विचारलं असतंत तर दोन ओळींत उत्तर दिलं असतं.

आता "काम भागायचं" याबद्दल. एचटीएमएलमध्ये मॅप, इनपुट, ऑब्जेक्ट हे टॅग आहेत. एसव्हीजीमध्ये फिल्टर आणि सेट. पायथनमध्ये हीच नावं अंगभूत, म्हणजे आधीपासूनच असलेली, आहेत, आणि स्टार इम्पोर्ट (मॉड्यूलमधली, म्हणजे कोडच्या एका फाइलीतली, सगळी नावं एकदम ओढून घेणं) ती गुपचूप झाकतो. तुम्ही आकड्यांच्या यादीवर मॅप चालवता आणि हाती येतो मॅपचा टॅग. त्या ओळीवर काहीच बोंब होत नाही. पुढे कुणी त्यावर लूप फिरवलं की मग शोधत बसा. इतरांचा असा कोड मी वर्षानुवर्षं निस्तरत आलोय. स्टार इम्पोर्टचं कौतुक करणारे तेव्हा आसपास नसतात.

नुसती नावांचीच अडचण असती तर शेवटी अंडरस्कोर लावला असता; क्लास आणि फॉर या राखीव शब्दांना लावतोच. पण टायटल आणि स्टाइल हे एचटीएमएलचेही टॅग, एसव्हीजीचेही, वर अ‍ॅट्रिब्यूटही. एका मॉड्यूलमध्ये एका नावाच्या तीन गोष्टी कुठे ठेवायच्या, सांगा. छापायचे नियमही निराळे. एसव्हीजीचा रिकामा पाथ शेवटच्या स्लॅशने बंद होतो. एचटीएमएलच्या डिव्हला तोच स्लॅश दिला तर ब्राउझर त्याच्याकडे बघतही नाही आणि पुढचा मजकूर डिव्हच्या पोटात जातो. बीआर, आयएमजी वगैरे १३ व्हॉइड (आत काही ठेवता न येणाऱ्या) टॅगना तर बंद करणारा टॅगच नसतो. ती यादी रेंडररमध्ये, म्हणजे टॅग छापणाऱ्या भागात, खुपसलेली होती. आता प्रत्येक टॅग आपला नियम सोबत आणतो, त्यामुळे रेंडरर आणि टॅगांची मॉड्यूलं फक्त गाभ्याला, म्हणजे सगळ्यांना लागणाऱ्या मूळ मॉड्यूलला, इम्पोर्ट करतात. गाभा यांतल्या कुणालाच नाही. इम्पोर्टची एक ओळ उलट गेली की अर्धवट लोड झालेल्या मॉड्यूलची एरर ठरलेली.

तुमचा कोड का पडला? जुनं मॉड्यूल शिल्लक आहे. पायथन ३.७ पासून मॉड्यूललाही गेटअ‍ॅट्र देता येतं, म्हणजे न सापडलेलं नाव मागितलं की चालणारं फंक्शन. जुनं नाव मागितलं की ते इशारा देऊन नवं हाती देतं. पण 'ऑल'ची (स्टारने कोणती नावं द्यायची ते सांगणारी) यादी नसेल तर स्टार इम्पोर्ट प्रत्यक्ष मांडलेली नावंच उचलतो, बाकीच्यांसाठी गेटअ‍ॅट्रकडे जात नाही. म्हणून नेमएरर, म्हणजे नावच सापडत नाही अशी तक्रार. ती यादी मुद्दामच दिलेली नाही, नाहीतर मॅपचा घोळ परत आला असता. बदलांच्या नोंदीत हे तळाशी होतं, वर हवं होतं, एवढं मान्य.

स्टार काढा, एचटीएमएलला एक छोटं टोपणनाव द्या, एसव्हीजीला दुसरं. मग डेप्रिकेशनच्या ('हे जुनं झालं, वापरू नका' अशा) इशाऱ्यांना एरर ठरवून टेस्ट चालवा, कारण मुख्य फाइलबाहेरचे हे इशारे पायथन एरवी गिळून टाकतो.

'मंद वाटतंय' याला उत्तर नाही. मोजून आकडे पाठवा. डॉक्युमेंटेशन जिथे होतं तिथेच आहे, उघडायचे कष्ट तेवढे घ्यावे लागतील.