"सेफ्टी लगी है, दीदी"

आज ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मॅरेज गार्डनमधून अर्ध्या जेवणातून उठून आले, अजून डोकं ठणकतंय. चाटच्या काउंटरपाशी एक पाहुणे, खांद्यावर ३१५ बोरची रायफल आडवी, आणि नळी थेट मागे पाणीपुरी खाणाऱ्या पोराच्या कपाळावर. मी म्हटलं, भाईसाहब, नली ऊपर कीजिए. तर हसून म्हणतात, "अरे सेफ्टी लगी है दीदी, चिंता मत करो."

सेफ्टी लगी है म्हणजे झालं का सगळं??

कॉलेजात एनसीसीत होते तेव्हा रेंजवर आमचे उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, पॉइंट टूटू रायफलीचा बोल्ट उघडून आधी चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, बघायचे, मग करंगळी आत घालून चाचपायचे, आणि एवढं करूनही नळी कुणाकडे वळू द्यायचे नाहीत. एक मुलगी "सेफ्टी लावू का" विचारायला मागे वळली, तिच्याबरोबर रायफलही वळली, तिला त्याच क्षणी रेंजबाहेर बसवलं. रायफल रिकामी होती!

अहो, सेफ्टी म्हणजे एक छोटासा खटका. बऱ्याच रायफलींत तो फक्त ट्रिगर अडवतो, गोळीवर आपटणारी फायरिंग पिन मोकळीच असते. आतला भाग झिजला, खटका अर्धवटच सरकला किंवा बंदूक दणकन आपटली की संपलं. म्हणून सेफ्टी लावायची नाही असं नाही हं, लावायचीच, निशाण्यावर येईपर्यंत काढायची नाही आणि गोळी झाडून झाली की लगेच परत लावायची. पण नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि लग्नाच्या मांडवात तर चेंबर रिकामं. उस्तादांच्या करंगळीसारखं खात्रीचं काही नाही.

ते गृहस्थ वाईट नव्हते हो, नंतर खुर्चीसुद्धा आणून दिली मला. आणि भिंड-मुरैनाकडे खेड्यात एकट्या घराला बंदूक लागते, मान्य. पण मांडवात कशाला? शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून हर्ष फायरिंगला, म्हणजे आनंदाच्या भरात गोळ्या झाडण्याला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तरी वरातीत धाडधाड चालूच आणि आपली मंडळी टाळ्या वाजवतायत! आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांना हळद-कुंकू वाहतात, मग वर्षभर एवढा तरी मान ठेवा ना त्यांचा. त्या मुलीला उस्तादांनी रिकाम्या रायफलीसाठी बाहेर काढलं होतं आणि इथे भरलेली आहे की रिकामी हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

आमच्याकडे भाच्याचं लग्न आहे. पत्रिकेवर स्पष्ट छापतोय, कार्यालयात बंदूक आणू नये. व्याह्यांशी बोलणं झालंय. ज्यांना पटत नसेल त्यांनी मला आधीच फोन करावा.