व्हेनिसचे दिवे? आधी दिव्यावरचं नाव वाचा

‘मशिदीतले मिनाकामाचे काचेचे दिवे मुळात व्हेनिसचे, अरबांनी ते फक्त विकत घेतले. सोनेरी काम म्हणजे वरून फासलेला रंग. आणि इस्लाममध्ये चित्रं निषिद्ध, म्हणून माणसांची चित्रं असलेले पेले नकली.’ हा फॉरवर्ड माझ्या भाचीने कॉलेजच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इजिप्तमध्ये घडलेला एक दिवा आहे, साधारण १३२९ ते १३३५ मधला. फुगीर पोट, वर पसरत गेलेली मान, टांगण्यासाठी काचेचेच कान. त्यावर अरबीत अमीर (सरदार) कौसूनचं नाव आहे, कारागिराची सही आहे आणि लाल पेल्याचं चिन्हही आहे, कारण कौसून हा इजिप्तचा सुलतान अल-नासिर मुहम्मदचा साकी, म्हणजे पेला भरून देणारा अधिकारी होता. धन्याचं नाव, त्याचा हुद्दा, कारागिराची सही, सगळं एकाच दिव्यावर! यात व्हेनिस आलं कुठून? उलट १२७७च्या करारात (आजच्या लेबनॉनमधल्या) त्रिपोलीहून व्हेनिसला जाणाऱ्या फुटक्या काचेवरच्या जकातीचा उल्लेख आहे. म्हणजे काचेचा कच्चा मालच पूर्वेकडून व्हेनिसला जात होता.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. १५६९मध्ये उस्मानी (तुर्की) वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाने व्हेनिसकडे ९०० दिव्यांची मागणी नोंदवली होती, नमुन्याच्या चित्रासकट. पण ही गोष्ट कौसूननंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी घडलेली. ती उचलून आधीच्या कारागिरांचं श्रेय काढून घेणं हा सरळ अन्याय आहे.

‘फासलेला रंग’ म्हणे! रंगीत काचेची बारीक पूड कालवून बोरूने किंवा ब्रशने लावायची आणि भांडं पुन्हा भट्टीत धरायचं. आच कमी पडली तर पूड वितळत नाही, जास्त झाली तर भांडंच मऊ होऊन बसतं. सोनंही असंच भाजून पक्कं करायचं.

राहिली चित्रं. मशिदीच्या दिव्यांवर माणसांची चित्रं नसतात, अक्षरं, वेलबुट्टी आणि फार तर हुद्द्याचं चिन्ह असतं, हे खरं. पण मेजवानीच्या भांड्यांना ते बंधन नव्हतं. ब्रिटिश म्युझियममधल्या तेराव्या शतकाच्या ‘पामर कप’ या काचेच्या पेल्यावर सिंहासनावर बसलेला राजा आहे, भोवती सेवक आहेत आणि मद्याची स्तुती करणारी अरबी कविता आहे. त्याला फ्रान्समध्ये चांदीची बैठक चढवली गेली, इतका तो युरोपला मोलाचा वाटला.