कढईत तेच काळं तेल, वर माशाच्या तेलाची कॅप्सूल!

बाबांच्या अँजिओप्लास्टीला दोन महिने झाले. एक स्टेंट बसलाय. परवा रविवारी काका आले, पिशवीतून फिश ऑइलचा डबा काढला आणि म्हणाले, "दादा, रोज दोन घे, आतली सूज उतरते. मग कधीमधी वडापाव खाल्लास तरी काही होत नाही." बाबांचा चेहरा खुलला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अहो, ही काय पाय मुरगळल्यावर येते तशी सूज आहे? रक्तवाहिनीच्या अस्तरात चरबी साठते, तिच्यामागे पांढऱ्या पेशी जातात आणि तो दाह वर्षानुवर्षं आतल्या आत धुमसत राहतो. तो दोन कॅप्सूलनी विझत नाही! २०१८ साली अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीचे निकाल आले. २५,८७१ माणसं, रोज एक ग्रॅम ओमेगा-३ (माशाच्या तेलातली तीच चरबी) किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी, पाच वर्षांहून जास्त काळ. हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू, सगळं मिळून मोजलं तर म्हणावा असा फरक पडला नाही. शिवाय जास्त डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

शेजारच्या काकूंनी हळदीच्या अर्काच्या गोळ्या आणून दिल्या. बाबांना रक्त पातळ ठेवायची औषधं चालू आहेत, त्यात हा अर्क घेतला तर रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांना विचारायचं कुणाला सुचत नाही! सोसायटीतला जिम ट्रेनर तर "हृदयाची सूज जिरवायला" पळा म्हणतो. खुद्द हृदयाच्या स्नायूला सूज येते तो आजार निराळा, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात, आणि त्यात डॉक्टर काही महिने जोराचा व्यायाम बंद ठेवायला लावतात. हे माहीत नसताना सल्ला देता कसा?

बाबांना डॉक्टरांनी सांगितलंय ते अगदी साधं आहे. चाला. दहा मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जा. डबा घेऊन येणाऱ्यांपैकी एकाने तरी "चल, तुझ्याबरोबर एक फेरी मारतो" म्हटलं का? एकानेही नाही! माणूस एकटा चालायला कंटाळतो, घाबरतो, हे कुणी लक्षातच घेत नाही. आणि चालायचं तरी कुठे? आमच्या फुटपाथवर बाइक लावलेल्या असतात.

आणि तेल! तळणीच्या तेलात पोलर कंपाउंड्स, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून आहे. आमच्या नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवर ते मोजताना मी कुणालाही पाहिलेलं नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत तीच कढई, तेल कमी झालं की वरून नवं ओतायचं. बाबा तिथे तीस वर्षं थांबत आले, ऑफिसमधून येताना, रोज.

तो डबा मी काल काकांना परत दिला. रुसले. रुसू देत! पण घरी ओट्याखाली गणपतीतल्या तळणीचं उरलेलं तेल बरणीत गाळून ठेवलंय, आई त्यातच पोह्यांना फोडणी देते. टाक म्हटलं तर म्हणते, "अगं, एवढं चांगलं तेल कुणी टाकतं का?"