जातील, पण किती जण?

न्यूयॉर्कच्या महापौरपदाच्या २०२५ च्या निवडणुकीत झोहरान ममदानी यांनी वर्षाला १० लाख डॉलरहून जास्त कमावणाऱ्यांवर २ टक्के जादा प्राप्तिकर सुचवला. तेव्हापासून एक युक्तिवाद जोरात फिरतोय: श्रीमंत प्राप्तिकर नसलेल्या फ्लोरिडा राज्यात निघून जातील, तिजोरी आटेल आणि भुर्दंड शेवटी गरिबांनाच बसेल. ऐकताक्षणी पटतो, म्हणून एकेक तुकडा वेगळा करून पाहू.

'श्रीमंत लगेच उठून जातात.' अमेरिकेतल्या १० लाखांवर कमाई असलेल्यांची १३ वर्षांची करविवरणपत्रं समाजशास्त्रज्ञ क्रिस्टोबल यंग आणि सहकाऱ्यांनी तपासली. निष्कर्ष २०१६ साली छापून आले. त्यांच्यातले वर्षाला २.४ टक्के लोक राज्य बदलतात, एकूण लोकांत हेच प्रमाण २.९ टक्के. एवढी कमाई हाती येते तोवर धंदा, अशील, ओळखी, मुलांच्या शाळा असं सगळं एका शहरात रुजलेलं असतं, आणि ती कमाईही बरीचशी त्या शहरामुळेच होत असते. बिऱ्हाड हलवणं सोपं असतं ते नुकतंच शिक्षण संपवलेल्या पोरांना.

फ्लोरिडाचं नाव मात्र उगाच घेतलं जात नाही. याच अभ्यासात कमी कराकडे जो थोडा ओढा दिसतो, तो मुख्यतः फ्लोरिडाकडचा. प्राप्तिकर नसलेल्या बाकीच्या राज्यांकडे तशी रीघ लागलेली नाही. म्हणजे ओढ कराची की उन्हाची, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

'तिजोरी आटेल.' इथं सरळ हिशेबच मांडू. वर्षाला २० लाख डॉलर कमावणारा न्यूयॉर्ककर आज राज्य आणि शहर मिळून साधारण १३.५ टक्के, म्हणजे २ लाख ७० हजार प्राप्तिकर भरतो. जादा २ टक्के फक्त १० लाखांवरच्या रकमेवर, म्हणजे २० हजार. अशा १०० जणांपैकी ७ जण निव्वळ या करापायी गेले, तर राहिलेल्या ९३ जणांकडून १८ लाख ६० हजार जादा येतील आणि गेलेल्यांचे १८ लाख ९० हजार बुडतील. तोटा तिथून सुरू होतो. युक्तिवाद करणारे गेलेल्यांची नावं मोजतात, राहिलेल्या ९३ जणांची पावती कोणी बघत नाही.

हाच प्रश्न डेव्हिड अग्रवाल आणि डर्क फोरेम्नी या अर्थतज्ज्ञांनी स्पेनमध्ये तपासला. तिथं २०११ पासून प्रांतांचे वरच्या उत्पन्नावरचे दर वेगळे झाले. माद्रिदचे कमी, कॅटलोनियाचे जास्त. श्रीमंत कमी दराकडे सरकले, हे खरं. पण त्यांच्या जाण्यानं बुडालेली रक्कम वाढीव दरानं मिळालेल्या रकमेपेक्षा लहान निघाली.

विरोधकांचा सर्वांत दमदार पुरावा ते स्वतः क्वचितच देतात, तो मीच देतो. कॅलिफोर्नियानं २०१२ मध्ये वरचा दर १३.३ टक्क्यांवर नेला, तेव्हा अपेक्षित जादा महसुलातला सुमारे ४५ टक्के हिस्सा पहिल्याच वर्षी विरला, असं जोशुआ राउह आणि रायन श्यू या अभ्यासकांनी दाखवलं. फक्त त्यातला मोठा वाटा राज्य सोडणाऱ्यांचा नव्हता. लोक जागेवरच राहिले, उत्पन्न कमी दिसू लागलं. ही करामत करसल्लागाराच्या टेबलावर होते, तिला विमानाचं तिकीट लागत नाही.

'भुर्दंड गरिबांना.' मॅसॅच्युसेट्सनं २०२३ पासून १० लाखांवर ४ टक्के अधिभार लावला. २०२४ च्या आर्थिक वर्षात त्यातून २ अब्ज डॉलरहून जास्त आले, आणि तो पैसा शिक्षण व वाहतुकीसाठीच राखीव आहे.

खरी कमकुवत बाजू वेगळीच आहे. हा कर शहराचा आहे. (लावायला परवानगी ऑल्बनीतल्या, म्हणजे न्यूयॉर्क राज्याच्या, विधिमंडळाची लागते, ते निराळं.) बाहेर राहून शहरात कामाला येणाऱ्यांवरचा कर १९९९ मध्ये रद्द झाला. त्यामुळे नोकरी मॅनहॅटनमध्येच ठेवून शेजारच्या न्यू जर्सी राज्यात घर घेतलं, तर न्यूयॉर्क राज्याचा कर सुटत नाही, पण शहराचे आजचे ३.८७६ आणि वरचे २ टक्के दोन्ही सुटतात. फ्लोरिडा लांब राहिला, इथं नुसती हडसन नदी ओलांडायची आहे.