वारा फुकट, बोट नव्हे

घरभाड्याला आणि हप्त्यांना वैतागलेल्या माणसाला बरोब्बर भिडेल असा एक मजकूर सध्या मोबाइलवरून मोबाइलवर फिरतोय. त्याचा सारांश असा: घर विका, जुनी शिडाची बोट घ्या, तिच्यावरच राहा आणि जग फिरा. बोट सेकंडहँड गाडीच्या भावात मिळते. वारा फुकट, नांगर टाकायला पैसे नाहीत, वीज सूर्य देतो, जेवण समुद्र देतो, सरकारी कटकट नाही. महिन्याच्या खर्चाचा एक आकडाही दिलाय. वर समुद्र म्हणे रस्त्यापेक्षा सुरक्षित.

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. बोटीवर स्वस्तात राहणारी माणसं आहेत, नाही असं नाही. पण त्यांचा वाचलेला पैसा बहुतेक वेळा जोखमीच्या खात्यातून उचललेला असतो, आणि मजकूर लिहिणाऱ्याने ते खातं दाखवलेलंच नाही.

"बोट सेकंडहँड गाडीच्या भावात मिळते." मिळते. ३०-४० वर्षं जुनी, ३५ फुटी फायबरग्लासची बोट कधीकधी त्याहूनही स्वस्त मिळते, कारण मालकाला यार्डाच्या, म्हणजे बोटी जमिनीवर काढून ठेवतात त्या आवाराच्या, भाड्यातून एकदाचं सुटायचं असतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण या व्यवहाराला जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. बोटवाल्यांचा जुना ठोकताळा आहे की दरवर्षी बोटीच्या किमतीच्या साधारण १० टक्के रक्कम देखभालीला बाजूला काढावी. पण कुठल्या किमतीच्या? विंच (दोर ओढायचं चक्र), दोर, शिडं, इंजिनाचे सुटे भाग विकणाऱ्याला तुम्ही बोट कितीला घेतलीत याच्याशी काही देणंघेणं नसतं. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या तारा बदलायचा खर्च बोट नवीकोरी असो की भंगाराच्या भावात आणलेली, तेवढाच येतो. टक्केवारी लावायचीच तर तशाच, पण धड अवस्थेतल्या बोटीच्या किमतीवर लावा.

या तारांचंच बघा. स्टेनलेस स्टील वरून चकचकीत दिसतं. ते सडतं जिथे हवा पोचत नाही तिथे: तार टोकाच्या फिटिंगमध्ये दाबून बसवलेली असते त्या तोंडाशी, किंवा डेकमधून आरपार गेलेल्या पट्ट्यांच्या लपलेल्या भागात. फिटिंगच्या तोंडाशी एक बारीक धागा तुटून हाताला टोचला की त्या तारेचं आयुष्य संपलं समजायचं. म्हणूनच अनेक इन्शुरन्स कंपन्या १०-१५ वर्षांत रिगिंग, म्हणजे या सगळ्या तारा, बदलल्याचा पुरावा मागतात. डेकचीही तीच तऱ्हा. फायबरच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा बाल्सा लाकूड असतं आणि एखाद्या ढिल्या स्क्रूच्या भोकातून पाणी आत मुरत राहतं. बोट तपासणारा सर्व्हेअर छोटी हातोडी घेऊन डेकवर टकटक करत फिरतो. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला तर खालचं लाकूड गेलं. स्वस्त बोटीवर हा बद्द आवाज बरीच जागा व्यापतो.

"वारा फुकट." शिडं फुकट नाहीत. उन्हाने आधी शिवण जाते, मग कापड. कॅनरी बेटांवरून अटलांटिक ओलांडून कॅरिबियनला जायचं तर साधारण २,७०० सागरी मैल. ५ नॉटची, म्हणजे तासाला ५ सागरी मैलांची, सरासरी पडली तरी २२-२३ दिवस. तेवढे दिवस तोच दोर त्याच कप्पीत त्याच जागी घासत असतो, म्हणून रोज थोडा पुढे-मागे सरकवावा लागतो, नाहीतर तिथेच तुटतो. शिवाय वारा तुमच्या सोयीने वाहत नाही. भूमध्य समुद्रात उन्हाळ्यात एकतर वारा पडलेला, नाहीतर नको तेवढा. मग लोक निमूटपणे इंजिन सुरू करतात. डिझेलच्या टाकीत तळाशी पाणी आणि गाळ साचलेला असतो. लाटांनी तो ढवळला की फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं, तेही बहुधा बंदराच्या तोंडाशी, खडकांच्या शेजारी.

"नांगर टाकायला पैसे लागत नाहीत." पुष्कळ ठिकाणी खरंच लागत नाहीत. सगळीकडे मात्र टाकता येत नाही. स्पेनच्या बालेआरिक बेटांत २०१८ पासून पोसिडोनिया या समुद्री गवतावर नांगर टाकायला बंदी आहे. पाणी ८ मीटर आणि डेक पाण्यापासून १ मीटर वर असेल, तर दोन्हींच्या बेरजेच्या नेहमीच्या पाचपट हिशेबाने ४५ मीटर साखळी सोडावी लागते. वारा चढला की सातपट, म्हणजे ६३ मीटर. एवढी साखळी, मोठा नांगर आणि तो उचलणारं यंत्र हा सगळा खर्च 'फुकट'मध्येच धरायचा का? आणि तुमचा नांगर घट्ट रुतलेला असला तरी वाऱ्याच्या अंगाला असलेल्या शेजाऱ्याचा सुटला, तर पहाटे तीनला त्याची बोट तुमच्या अंगावर येते. त्याच्याकडे इन्शुरन्स नसेल, तर बोलणंच खुंटलं.

वादळाचा हंगाम हा तर स्वतंत्र अध्याय. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. त्या सहा महिन्यांत बोट अमुक रेषेच्या बाहेर हवी, अशी अट अनेक पॉलिसींत असते. मग दक्षिणेला ग्रेनाडा किंवा त्रिनिदाद गाठा, नाहीतर बोट पाण्याबाहेर काढून यार्डात बांधून ठेवा आणि भाडं भरा. एवढं करूनही खात्री नाही. १ जुलै २०२४ ला बेरिल हे श्रेणी ४ चं चक्रीवादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर येऊन धडकलं. वादळात सुरक्षित म्हणून नावाजलेल्या तिथल्या टिरल बे या उपसागराच्या खारफुटीत बोटी दोरांनी बांधून ठेवलेल्या होत्या. त्यातल्या कित्येक एकमेकींवर आदळून फुटल्या. ग्रेनाडाला त्याआधी २००४ मध्ये आयव्हनचा तडाखा बसला होता. म्हणजे हे काही शंभर वर्षांत एकदाच घडलेलं नव्हे.

सूर्य आणि मासे थोडक्यात उरकतो. पॅनल वीज देतात. ती साठवणाऱ्या बॅटऱ्या आणि खाऱ्याचं गोडं पाणी करणाऱ्या यंत्रातला पडदा ठरावीक काळाने बदलावाच लागतो. आणि उष्ण कटिबंधातल्या प्रवाळाजवळच्या मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं. ते शिजवून जात नाही, मासा ताजा असला तरी असतं आणि चवीवरून कळत नाही.

"सरकारी कटकट नाही." हे वाचून हसू आलं. शेंगेन देशांत (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या गटात) बाहेरच्या माणसाला १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. बाहेरची बोट युरोपीय संघात कर न भरता १८ महिने ठेवता येते. माणसाचं घड्याळ वेगळं, बोटीचं वेगळं. न्यूझीलंडला जायचं तर बोटीचा तळ शेवाळ आणि शिंपल्यांपासून स्वच्छ असल्याचा पुरावा दाखवावा लागतो. प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांवरही तळ तपासला जातो. पनामा कालव्यातून जायचं तर शुल्क आहेच, वर दोर सांभाळायला बोटीवर चार माणसं लागतात. प्रत्येक देशात आत येतानाची आणि बाहेर जातानाची नोंद वेगळी. पासपोर्ट कुठला आहे यावर व्हिसाचं त्रांगडं ठरतं, ते आणखी वेगळं.

"समुद्र रस्त्यापेक्षा सुरक्षित." रस्त्यावर टायर फुटला तर गाडी कडेला घेता येते. बोटीत पाण्याच्या रेषेखाली भोकं मुद्दामच पाडलेली असतात: संडासाला, बेसिनला, इंजिन थंड करायला. असा एखादा ४० मिलिमीटरचा नळ अर्धा मीटर खोलीवर तुटला, तर मिनिटाला साधारण १४० लिटर पाणी आत येतं. खोक्यावर मोठा आकडा छापलेला पंपही प्रत्यक्षात त्यापुढे दमतो, कारण त्याला पाणी वर उचलायचं असतं आणि बॅटरीचा दाब तोवर उतरलेला असतो. म्हणून शहाणी माणसं अशा भोकावरच्या प्रत्येक वाल्व्हला, वेळ आली तर भोकात ठोकायला, लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवतात. खुंटीला पैसे पडत नाहीत. २५ वर्षं जुना वाल्व्ह बदलायला पडतात, कारण त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढावी लागते. स्वस्तात राहणारा ते काम पुढच्या वर्षावर ढकलतो, आणि माझा मुद्दा नेमका तिथेच आहे.

मे २०१४ मध्ये अँटिगाहून ब्रिटनला परतणारी 'चीकी राफिकी' ही ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये कील (बोटीला तोलून धरणारा तळाचा जड भाग) निखळून उलटली, चौघेही गेले. आधी बोट समुद्राच्या तळाला घासल्याच्या घटना आणि नंतरच्या दुरुस्त्या यांमुळे जोड कमजोर झाला असावा, असं चौकशीत नोंदवलं गेलं. अशा कमजोर जोडाचा बाहेरून पत्ता लागतोच असं नाही. याखेरीज स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की बोटीच्या तळाशी साचून राहतो. स्पेन-पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत २०२० पासून ऑर्का बोटींची सुकाणू मोडताहेत आणि त्यात काही बोटी बुडाल्याही आहेत.

मदतीचं काय? सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमी एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत होते. दक्षिण हिंद महासागरात वादळात त्यांची डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. नौदलात घडलेला, जगातल्या उत्तम दर्यावर्दींपैकी एक माणूस. विमानांनी त्यांची बोट हुडकूनही काढली होती. तरी फ्रेंच गस्ती जहाज 'ओसिरिस' त्यांच्यापर्यंत पोचायला तीन दिवस लागले. भर समुद्रात अपेंडिक्स दुखायला लागलं तर, हा प्रश्न त्या मजकुरात कुठेच नाही.

"घर विका." माझ्या मते सगळ्या मजकुरातलं हे सर्वांत घातक वाक्य. बाकीचे खर्च अंगावर आले तरी सावरता येतात. पण घराचा सगळा पैसा एका फायबरच्या सांगाड्यात घातला, त्यावर पूर्ण इन्शुरन्स घेतला नाही (जुन्या बोटीला तो मिळणंही अवघड असतं), की एका रात्रीत घर आणि जमापुंजी दोन्ही जाऊ शकतं. अगदी काहीही बिघडलं नाही, तरी बोटीची किंमत उतरतच जाते. जोडप्यातल्या एकाची कंबर धरली, किंवा एकाला हे जगणं नकोसं झालं, तरी बोट विकावी लागते. गिऱ्हाईक मिळेपर्यंत यार्डाचं बिल आणि तळाचा रंग चुकत नाही.

ज्यांना खरंच जायचंय त्यांना मी अडवत नाही. घर भाड्याने द्या, विकू नका. आधी दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून एक लांबचा पल्ला करा, रात्रीच्या पहाऱ्यासकट. मग एखाद्या यार्डात महिनाभर बोटीचा तळ घासायला जा आणि तिथे शिडीवर उभ्या असलेल्या मालकांना विचारा, गेल्या पाच वर्षांत सगळे मिळून किती गेले. मजकुरातला महिन्याचा आकडा त्या उत्तराशेजारी ठेवून बघा.